मिस सिल्डाचा निरफणस

माँटेगो बेला आम्ही मोबे म्हणतो. बोटीवरून उतरलेल्या पाहुण्याला हे मोबे दोन तासांत दाखवून मोकळं व्हायचं, असं आमच्या ब्लू पेलिकन कंपनीने ठरवून टाकलंय. दगडी चर्च अकरा मिनिटं, चौक नऊ मिनिटं, किल्ल्याच्या तोफा खिडकीतूनच, बाजार पंचवीस मिनिटं आणि शेवटी सॉल्टपाँडची वाळू. गुलामीविरुद्ध उठलेल्या आमच्या माणसांना ज्या चौकात फासावर लटकवलं तिथे नऊ मिनिटं, आणि गवती टोपी विकत घ्यायला पंचवीस. हे वेळापत्रक कुणी बनवलं ते मला माहीत नाही. भेटला तर त्याला मी जुलैच्या दुपारी त्याच चौकात नऊ तास उभा करीन.

मी एव्हर्टन, या सहलीच्या बसचा ड्रायव्हर. चौदा वर्षं झाली. माझं काम समोर बघायचं, पण कान सगळं ऐकत असतात. माझ्या डाव्या खांद्यामागे माइक धरून उभी असायची ती मिस सिल्डा, आमची गाईड. ही गोष्ट तिची आहे. ती स्वतः कुणाला सांगत नाही. मी सांगतोय, कारण माझा संताप अजून उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच आहे.

इसिल्डा पिनॉक हे तिचं पूर्ण नाव. वय साठ. हाडापेराने मोठी बाई, गणवेशाला रोज कडक इस्त्री, आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी मागच्या सीटवरचा झोपलेला उठावा. बावीस वर्षं तिने हे काम केलं आणि बावीस वर्षांत चालत्या बसमध्ये ती कधी खाली बसली नाही. वळणावर एक टाच माझ्या सीटच्या पायाला टेकवायची, बस. मी जरा जोरात ब्रेक मारला की म्हणायची, "एव्हर्टन, मागे माणसं आहेत, नारळ नाहीत." पाहुण्यांनाही सोडायची नाही. एकाने विचारलं, इथला समुद्र किती वाजता बंद होतो? ती म्हणाली, "सहा वाजता, सर. मग आम्ही घडी घालून कपाटात ठेवतो." त्या भल्या माणसाने वहीत लिहून घेतलं.

तर सॉल्टपाँड. शहराच्या पूर्व टोकाला मूठभर वाळू, मागे खाजण, आणि मध्ये आमची मासेमारांची तीस-पस्तीस घरं. मिस सिल्डा तिथली, मीही तिथलाच. माझ्या आज्याचा आजा तिथे जाळी वाळवायचा. नऊ वर्षांपूर्वी एक हॉटेल आलं. हॉटेलच्या वकिलाने विचारलं, जमिनीचा कागद दाखवा. कागद कुणाकडे असणार? आमच्याकडे होड्या होत्या, कबरी होत्या, झाडं होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. आम्हाला डोंगरावरच्या वसाहतीत एकेक सिमेंटचं खुराडं मिळालं. तिथल्या गच्चीवरून समुद्र दिसतो, शेजाऱ्याची पाण्याची टाकी मध्ये आली नाही तर. खाली भिंत उठली, भिंतीला फाटक, फाटकावर पाटी: कामाचा पास नसलेल्या स्थानिकांना प्रवेश नाही. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी म्हणे. ज्या वाळूवर आम्ही रांगलो तिथे आमच्यापासून कुणाला सुरक्षित ठेवायचं होतं, ते त्या पाटीवर लिहिलेलं नाही.

आमच्यात मूल जन्मलं की त्याची नाळ पुरतात आणि तिच्यावर झाड लावतात. ते झाड त्या मुलाचं, जन्मभर. कुणी विचारलं तू कुठला, तर आम्ही गावाचं नाव सांगत नाही, नाळ कुठे पुरलीय ते सांगतो. सॉल्टपाँडच्या सगळ्या नाळा पुरल्या त्या मिस सिल्डाच्या आईने, मदर रेटने. चाळीस वर्षं ती तिथली सुईण होती. मलाही तिनेच या जगात आणलं. माझी नाळ एका नारळाखाली होती. तो नारळ बुलडोझरने एका सकाळी आडवा केला, त्याच्या शेजारचे मिस सिल्डाच्या दोन भावांचे आणि बहिणीचे आंबे पण. भाऊ बर्मिंगहॅमला, बहीण टोरोंटोला. फोनवर सांगितलं तेव्हा थोरला भाऊ, पन्नाशीपुढचा माणूस, रडला. एकच झाड वाचलं, मिस सिल्डाचा निरफणस. हॉटेलवाल्यांना आमची दया आली म्हणून नाही. त्यांच्या बारला सावली हवी होती म्हणून.

इथपर्यंतही माणूस गिळतो. पण तीन वर्षांपूर्वी कंपनीने मिस सिल्डाच्या हातात प्लॅस्टिक चढवलेला एक कागद दिला. सहलीचा शेवटचा थांबा आता 'प्रेमिकांचा वृक्ष'. तीनशे वर्षांपूर्वी सोन्याच्या दाताच्या एका समुद्री चाच्याने आपल्या अरबेला नावाच्या प्रेयसीसाठी हे झाड लावलं. आपल्या नावाची पितळी पट्टी जो या झाडावर ठोकेल, तो पुन्हा इथे येईल. पट्टी, खिळा आणि हातोडी हॉटेलच्या टपरीवर मिळेल.

मी तो कागद वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, निरफणस आमच्या बेटावर आला तोच गुलामांचं पोट स्वस्तात भरायला, पार पॅसिफिकमधून जहाजात घालून. आमच्याकडे चौथीतलं पोरही हे सांगेल. तो आला तेव्हा चाचे संपून सत्तर वर्षं झाली होती. खोटं बोलायचं तर निदान शाळेत गेलेल्या माणसाकडून लिहून घ्यावं.

"मिस सिल्डा, तुम्ही हे वाचणार?" मी विचारलं.

"वाचणार."

"तुमच्याच झाडाबद्दल?"

"माझ्याच."

"सोडा की ही नोकरी. तोंडावर फेका तो कागद."

ती म्हणाली, "फेकते. मग त्या फाटकातून आपल्यापैकी कोण आत जाईल, तू? तू बसमध्ये बसून राहतोस. मी सोमवारी आणि गुरुवारी त्या झाडाला हात लावते, एव्हर्टन. तेवढंच उरलंय. तेही त्यांना देऊन टाकू?"

ती गोष्ट सांगायची तेव्हा एक हात पाठीमागे घेऊन खोडावर ठेवायची. पाहुण्यांना वाटायचं, नाटक आहे. ठोक, ठोक खिळे बसायचे. निरफणसाच्या सालीतून पांढरा चीक येतो, तो खोडावरून ओघळून काळा पडायचा. तीन वर्षांत खाली माणसाच्या उंचीएवढं खोड पितळेने भरलं. समुद्राकडची मोठी फांदी वाळली.

हे सगळं मदर रेटला माहीत नव्हतं. ती चौऱ्याऐंशीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा मुलगी सांगेल ते खरं. आणि मुलीने सांगितलं होतं की झाडाला कठडा केलाय, माळी रोज पाणी घालतो, गेल्या हंगामात फांद्या वाकल्या इतकी फळं आली. बाहेर जगाशी खोटं बोलून आलेली ही बाई घरी येऊन आईशीही खोटंच बोलायची. मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची. मी गप्प बसायचो, ते मला छान जमतं.

मग क्यूबाच्या डॉक्टरांनी मदर रेटचे दोन्ही डोळे साफ केले. महिन्याभरात म्हातारी सुईत दोरा ओवायला लागली. एका रविवारी चर्चनंतर मी त्यांच्याकडे जेवायला होतो. राजमा घातलेला भात, कोंबडी, भाजलेला निरफणस, बाजारातून आणलेला. मदर रेटने फोड हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि ताटात परत ठेवली.

"सिल्डा, आता मला डोळे आहेत. मला झाड दाखव."

"आई, आत सोडत नाहीत."

"तुला सोडतात ना?"

"मला पास आहे."

"मग त्या गोऱ्या बायकांना पास आहे वाटतं? त्या कशा जातात?"

"त्या बोटीवरून येतात, आई. त्या पाहुण्या आहेत."

"मग मला पाहुणी कर. नाहीतर मी गुरुवारी सकाळी चालत निघते आणि फाटकासमोर खुर्ची टाकून बसते. बायबल घेऊन. मोठ्याने वाचीन."

ती बसली असती. तिने एकदा पंधरा तास अडलेल्या बाईजवळ बसून काढले होते; फाटक तिच्यापुढे काय टिकणार? मिस सिल्डा उठून अंगणात गेली. मी मागे गेलो तर ती दोरीवरच्या वाळलेल्या कपड्यांचे चिमटे उगाच काढत आणि लावत होती.

"खिळे बघितले तर मरेल ती," ती म्हणाली.

"तुम्ही सांगून टाका आधी."

"काय सांगू? की तू लावलेल्या झाडाजवळ उभी राहून मी आठवड्यातून दोनदा म्हणते, हे अरबेलाचं आहे?"

तिने सांगितलं नाही. मीही नाही. त्या गुरुवारी बोटीवरून एकोणीसच पाहुणे आले, बस वीसची. टोरोंटोच्या मुलीने पाठवलेला फुलाफुलांचा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, रुंद टोपी आणि डोळ्यांच्या दवाखान्यातला काळा चष्मा, अशा थाटात मदर रेट धक्क्याच्या बाहेर उभी होती. छातीवर आमच्या कंपनीचा निळा बिल्ला. मिस सिल्डाने तिला आदल्या दिवशी बजावलं होतं: कुणाशी बोलायचं नाही, कुणाला गुड मॉर्निंग म्हणायचं नाही. पाहुणे म्हणत नाहीत.

"का? आईबाप नव्हते त्यांना?" मदर रेटने विचारलं होतं.

इथे एक गोष्ट कळायला हवी. आमच्याकडे माणूस उपाशी राहील, पण दुसऱ्या माणसासमोरून गुड मॉर्निंग न म्हणता जाणार नाही. दुकानात शिरून आधी साखर मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. मदर रेट बसमध्ये चढली, एकोणीस अनोळखी माणसांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग." दोघं-तिघं पुटपुटली. ती जागची हलली नाही. पुन्हा म्हणाली, शाळेतल्या बाईसारखी, "गुड मॉर्निंग." मग सगळी बस म्हणाली. मिस सिल्डाने डोळे मिटून घेतले. मला इतकं हसू आलं की मी गाडी चुकीच्या गिअरमध्ये टाकली.

चर्च झालं, चौक झाला, तोफा खिडकीतून झाल्या. बाजारात ती खाली उतरलीच नाही. सॉल्टपाँडच्या फाटकाशी आलो तेव्हा ओमारी बसमध्ये चढला. ओमारी तिथला पहारेकरी, चोवीस वर्षांचा, तोही आमच्यातलाच, पण भिंत आली तेव्हा शाळेत होता. तो बिल्ले मोजत मदर रेटपाशी पोचला.

"गुड मॉर्निंग, बाळ," ती म्हणाली.

ओमारीचा हात आपोआप टोपीकडे गेला. "गुड मॉर्निंग, मदर."

झालं. मदर आम्ही आमच्या थोरल्या बायांनाच म्हणतो, बोटीवरच्या बाईला नाही. मदर रेटने चष्मा नाकावर खाली ओढला. "कुणाचा रे तू?"

"मिस पॅन्सीचा नातू," तो हळूच म्हणाला.

"पॅन्सीचा? म्हणजे लॉइडचा मुलगा. तुझा बाप पायाळू होता. फार दमवलं त्याने मला."

ओमारीने मान खाली घातली. तिच्या बिल्ल्याकडे बघितलं, मिस सिल्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वहीवर आकडा लिहिला आणि मोठ्याने म्हणाला, "वीस पाहुणे." आणि खाली उतरून फाटक उघडलं. त्या दिवशी तिथे जेवढी माणसं होती, त्यांतलं अर्धं शहाणपण त्या एका पोराने केलं. बाकीचं करायला मी कमी पडलो.

एरवी मी बसमध्येच थांबतो. त्या दिवशी उतरलो आणि म्हातारीला हात दिला. वाळू तिच्या बुटांना लागली तेव्हा ती थांबली, वाकली आणि बूट काढून हातात घेतले. मग बारच्या वळणावरून झाड दिसलं.

तिने चष्मा काढला. खोडाकडे चालत गेली आणि पट्ट्या वाचू लागली, एक एक, ओठ हलवत. कॅरन आणि डेव्ह. ग्रेग. पुन्हा एक डेव्ह. पांढरा चीक बोटाला लागला तो तिने दोन बोटांत चोळून बघितला. तिकडे मिस सिल्डाने माइक घेतला होता, कारण टपरीजवळ मिस्टर हार्टली उभा होता. हार्टली हॉटेलचा पाहुणेमंडळींचा व्यवस्थापक. किंग्स्टनचा माणूस, आमच्याच रंगाचा, आमच्याच बेटाचा. त्याचा मला गोऱ्यांपेक्षा जास्त राग येतो.

"तीनशे वर्षांपूर्वी," मिस सिल्डाने सुरुवात केली. तिचा आवाज मी चौदा वर्षांत असा ऐकला नव्हता. विहिरीतून यावा तसा. "तीनशे वर्षांपूर्वी एका चाच्याने अरबेलासाठी..."

"कोण अरबेला?" मदर रेटने विचारलं.

पाहुणे हसले. मिस सिल्डा थांबली. "अरबेला त्याची प्रेयसी. तिच्यासाठी त्याने..."

"सिल्डा. हे झाड कुणी लावलं?"

"आई, नंतर."

"मी काय विचारलं?"

एक गुलाबी टोपीवाली बाई हातोडी घेऊन पुढे आली होती. नवऱ्याने खिळा धरला होता. मिस सिल्डाने त्या खिळ्याकडे बघितलं, मग हार्टलीकडे, मग हातातल्या प्लॅस्टिकच्या कागदाकडे. तो कागद तिने वाळूत टाकला. फेकला नाही, नुसता हातातून सोडला.

"तू लावलंस," ती म्हणाली. "साठ वर्षांपूर्वी. मी जन्मले तेव्हा. माझी नाळ आहे याच्याखाली." मग माइक तोंडाजवळ नेऊन पाहुण्यांना म्हणाली, "अरबेला कुणी नव्हती. तीन वर्षं मी तुमच्याशी खोटं बोलले. हे झाड माझं आहे, आणि ही जागा आमची होती."

मला वाटलं, आता म्हातारी तिला जवळ घेईल. तिने घेतलं नाही. ती म्हणाली, "तीन वर्षं. आणि मला सांगितलंस, माळी पाणी घालतो." तिच्या आवाजाने माझे कान गरम झाले. मग ती गुलाबी टोपीकडे वळली. "द्या इकडे, बाई." म्हाताऱ्या माणसाने मागितलं म्हणून तिने हातोडी देऊन टाकली.

हातोडीची मागची बाजू खिळे उपटायचीच असते. मदर रेटने ती पहिल्या पट्टीखाली घातली आणि जोर लावला. ग्रेग खाली पडला. मग डेव्ह. पाहुण्यांना वाटलं, हाही सहलीचाच भाग. त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली, दोघांनी टाळ्याही वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा संताप आला, आणि मी हातांचं काय केलं? खिशात घातले.

हार्टली हसत हसत पुढे आला. "मॅडम, मॅडम, जरा जपून. कोणत्या बोटीच्या तुम्ही?"

"ती माझी आई आहे," मिस सिल्डा म्हणाली.

त्याचं हसू तिथेच संपलं. मॅडमही संपलं. "या बाईला आत कुणी घेतलं? ओमारी! बाहेर काढ हिला." ओमारी आला आणि मदर रेटपासून दोन हातांवर उभा राहिला, हात मागे बांधून. त्याने तिला बोट लावलं नाही. शेवटी हार्टलीनेच तिच्या मुठीतून हातोडी हिसकावली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या मुठीतून. तोवर अकरा खिळे निघाले होते.

पाहुण्यांना दुसऱ्या बसने धक्क्यावर पाठवलं. मदर रेटला माझ्या बसमध्ये बसवलं आणि आम्हा दोघांना हार्टलीने ऑफिसात बोलावलं. त्याने मिस सिल्डाचा पास मागितला. तिने गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. पास गेला की कंपनी गाईडला ठेवत नाही; बावीस वर्षांचं काम एवढ्यात संपलं. मग तो माझ्याकडे वळला.

"तुला माहीत होतं ही बाई स्थानिक आहे?"

माझ्या दोन मुली कॉलेजात आहेत. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. हे सगळं मी त्याच क्षणी आठवलं, की नंतर स्वतःची समजूत घालायला आठवलं, हे मला आजही सांगता येत नाही. तीन वर्षं मी मिस सिल्डाला म्हणत होतो, तोंडावर फेका.

"नाही, सर," मी म्हणालो. "मला वाटलं बोटीवरची आहे."

"पूर्वी कधी पाहिलेलं नाहीस?"

"नाही, सर. कधीच नाही."

हार्टलीने मिस सिल्डाकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. "खरं सांगतोय तो," ती म्हणाली. "त्याला काही माहीत नव्हतं." माझी नोकरी तिने वाचवली. तिची गेली होती, आता खोटं बोलून तिला काही मिळणार नव्हतं, तरी बोलली.

आम्ही बसपाशी आलो. मदर रेट पहिल्या सीटवर बसली होती, बूट मांडीवर. हातोडीने तिच्या तळहाताला फोड आला होता.

"काय विचारलं त्याने?"

"काही विशेष नाही, मदर," मी म्हणालो आणि किल्ली फिरवली.

मिस सिल्डा दारातच उभी होती. आईशी पुन्हा खोटं बोलायचं नाही, असं तिने झाडाखाली ठरवलं असणार. "एव्हर्टनला विचारलं, या बाईला ओळखतोस का," ती म्हणाली. "तो म्हणाला, कधी पाहिलेली नाही."

मदर रेट माझ्याकडे बघू लागली. आरशातून नव्हे, पुढे वाकून, सरळ. मी गिअरच्या दांड्याकडे बघत राहिलो.

"तू निळा पडून आला होतास," ती म्हणाली. "रडत नव्हतास. तुझ्या आईने आशा सोडली होती. मी पाठीत धपाटे घातले तेव्हा रडलास." मग तिने बूट पायात घातले. "सिल्डा, मला उतरव."

"मदर, चढ आहे. तीन मैल आहे. ऊन बघा."

ती उतरली. मुलीचा दंड धरून रस्त्याच्या कडेने चालायला लागली. मी बस सुरू केली आणि दार उघडं ठेवून त्यांच्या शेजारून पावलापावलाने नेऊ लागलो. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. "मदर, चढा. पाया पडतो तुमच्या. मिस सिल्डा, तुम्ही तरी सांगा." मिस सिल्डाने माझ्याकडे बघितलं नाही. मदर रेट एकदाच थांबली, श्वास घ्यायला.

"ज्याने मला कधी पाहिलेलं नाही, त्याच्या गाडीत मी कशी बसू, बाबा?" ती म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

वळणावर मक्याची कणसं विकणारी एक बाई उठून उभी राहिली आणि माझ्यावर ओरडली, "ए ड्रायव्हर, लाज नाही वाटत? रिकामी बस घेऊन चाललायस आणि म्हातारीला उन्हात चालवतोस? आई नव्हती का तुला?" मी दार तसंच उघडं ठेवलं आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये चालवत राहिलो. घर येईपर्यंत ती चढली नाही.